वाफसा येण्याआधी

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला पश्चिमेकडे एकच खिडकी होती आणि त्या खिडकीतून मुलींचे व्हॉलीबॉलचे मैदान दिसत असे. मी तेथे सहायक ग्रंथपाल होतो. शाळेत खो-खोच्या संघातून पहिल्याच दिवशी वगळला गेल्यावर खेळाशी माझा संबंध संपला होता. तरीही त्या नोकरीतली चार वर्षे, रोज सायंकाळी पाच ते साडेसहा, मी देवघेवीची नोंदवही पुढ्यात घेऊन त्या खिडकीशी बसत असे, आणि नोंदी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर येऊन पूर्ण करीत असे.

पुरुषाने मुलींचा खेळ टक लावून पाहत बसणे आमच्या भागात बरे दिसत नाही, याची जाणीव मला सतत असे. त्यामुळे सामना असला की मी कडुलिंबाच्या झाडाखाली, सर्वांच्या मागे उभा राहत असे. टाळी मी कधी वाजवली नाही. चांगला स्मॅश बसला की खिशातल्या किल्ल्यांचा जुडगा मुठीत घट्ट धरायचा, एवढीच माझी दाद.

संघात एक मुलगी धारूरच्या डोंगरातल्या वाडीवरून आलेली होती. उंची बेताची, पण उडी अशी, की खिडकीतून पाहताना नेटच्या वरच्या काठावर तिची हनुवटी दिसे. नेटच्या डाव्या कोपऱ्याकडे तीन पावले धावत यायचे, डावा पाय रोवायचा आणि उडायचे. रोज त्याच जागी, शंभरदा. हे मैदान मुळात काळ्या रानातले. संस्थेने त्यावर चार बोटे मुरूम टाकून, धुमसून ते पक्के केले होते. तिच्या पावलांनी त्या कोपऱ्यातला मुरूम झिजत गेला आणि परातीएवढ्या जागेत खालची काळी माती उघडी पडली. फक्कीने आखलेल्या पांढऱ्या रेषांच्या आत तो काळा डाग मला रोज दिसे. शिपायाला सांगून तो भरून घ्यावा, असे माझ्या मनात कधी आले नाही. उलट त्याचे मला कौतुकच वाटे.

ते दुष्काळाचे सलग दुसरे वर्ष होते. आमची संस्था साखर कारखान्याने काढलेली आणि कारखाना सहकारी. गावातला जवळजवळ प्रत्येक माणूस कशाचा ना कशाचा सभासद. त्या वर्षी कारखान्याच्या हद्दीत गाळण्याइतका ऊस उभा नव्हता. चिमणीतून धूर निघणार नाही हे भाद्रपदातच सर्वांना कळून चुकले होते. गेल्या वर्षीपर्यंत डोंगरातल्या काही ऊसतोड टोळ्यांना आमच्याच कारखान्यावर काम मिळे. आता दिवाळी झाली की साऱ्यांनाच दुसऱ्या जिल्ह्यांत दुसऱ्यांचा ऊस तोडायला जावे लागणार होते. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी लागते. त्या जोडीलाच कोयता म्हणतात आणि एकट्या माणसाला अर्धा कोयता. अर्ध्या कोयत्याला टोळीत कुणी सहसा घेत नाही. त्यामुळे टोळ्या निघण्यापूर्वी आमच्याकडे लग्ने घाईने उरकतात.

त्या मुलीचेही ठरत आले होते. हे मला खेळाच्या मॅडमनी सांगितले. त्या एक दिवस नियमांचे पुस्तक परत करायला आल्या आणि बराच वेळ टेबलाशी उभ्या राहिल्या.

"सर, तिचे वडील एका गोष्टीवर थांबलेत," त्या म्हणाल्या. "विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर वर्षभर वसतिगृहात जागा मिळते, जेवण मिळतं. ते म्हणाले, मिळालं तर शिकू द्या. न्हाई मिळालं तर दिवाळीला उरकून टाकतो. अंतिम सामन्याला निवड समिती येतेय. आपल्याच मैदानावर."

 मी पुस्तकाच्या मागची तारीख पुन्हा पुन्हा पाहत राहिलो.

सामन्याच्या दिवशी मी ग्रंथालय अर्ध्या दिवसासाठी बंद ठेवले. सकाळी सातला कारखान्याचा टँकर आला आणि मैदानावर बेताचे पाणी मारून गेटजवळ उभा राहिला. उद्घाटन झाले की टँकरच्या चिठ्ठीवर कारखान्याच्या अध्यक्षांची सही होऊन तो पुढे डोंगरातल्या वाड्यांवर जाणार होता. दहा वाजता मैदान अगदी हवे तसे झाले होते. ओल वर दिसत नव्हती आणि धूळही उडत नव्हती.

परंतु सामना दहाला सुरू झाला नाही. आमच्याकडे प्रमुख पाहुण्यांनी नारळ फोडून, दोन्ही संघांशी हस्तांदोलन करून पहिली सर्व्हिस केल्याशिवाय सामना सुरू होत नाही. पाहुणे म्हणजे कारखान्याचे अध्यक्ष. त्यांनाही दोष देता येणार नाही. चारा छावणीवर वैरणीच्या वाटपावरून भांडण लागले होते आणि ते तिकडे अडकले होते. मुली अकरापर्यंत अंग मोकळे करीत राहिल्या, मग सावलीत बसल्या. ऊन चढले. वारा सुटला. साडेबारापर्यंत मैदानावरून फुफाटा उठू लागला.

लिंबाखाली माझ्याशेजारी एक गृहस्थ येऊन उकिडवे बसले. डोक्याला पांढरा रुमाल, पायांत टायरच्या चपला. थोड्या वेळाने त्यांनीच विचारले, "सर, ते शिडीवर बसायचं काय केलंय? राखणीचा माळा हाय का?"

"पंच बसतात तिथे."

"वरून पाखरं हाकल्यावानी?" ते हसले. मग पलीकडे बोट दाखवून म्हणाले, "ती सात नंबरची माझी हाय. काल टँकर वाडीवरून माघारी फिरला तवा त्यावर बसून आलतो. ह्यो आमच्याच वाटंचा टँकर."

सात नंबरची म्हणजे तीच. मी किल्ल्या मुठीत धरल्या.

तेवढ्यात सात नंबर पाणी प्यायला आमच्या बाजूला आली. डोळे लाल झाले होते. मैत्रिणीला म्हणाली, "धुराळ्यात बॉलच दिसंना गं. काय मारू, डोंबल?" पलीकडे निवड समितीच्या दोघांनी नाकाला रुमाल लावले होते. त्याच वेळी कुणीतरी ओरडले की अध्यक्ष निघालेत, दहा मिनिटांत पोचतात.

मी उठलो. एवढ्या माणसांतून चालत गेटपर्यंत जाण्याचे धैर्य मला कोठून आले, हे आजही सांगता येत नाही. टँकरच्या ड्रायव्हरला म्हणालो, "मैदानावर थोडे पाणी मारता का? धूळ बसेल इतकेच."

"सकाळी मारलं की सर. ह्ये पाणी वाडीला जायचंय."

"थोडेच."

"मॅडमला इचारलंय का?"

"हो," मी म्हणालो. ते खोटे होते. मॅडम मुलींच्या घोळक्यात होत्या आणि त्या घोळक्यात शिरून विचारण्यापेक्षा खोटे बोलणे मला सोपे गेले.

ड्रायव्हरने टँकर मैदानाच्या कडेला घेतला. शिपायाने जाड पाइप खांद्यावर घेतला आणि चावी उघडली. पाण्याचा आवाज झाला आणि सगळे मैदान गप्प झाले.  सावलीतल्या मुली उठून कडेला आल्या, दोघीचौघींनी बूट काढले. कुंपणापलीकडच्या वस्तीतल्या बायका घागरी, पातेली घेऊन धावत आल्या आणि कडेला साचू लागलेले पाणी वाटीने भरू लागल्या. त्यांना कुणी हटकले नाही. मातीला वास सुटला. शिपाई पाइप हलवायचे विसरला होता. पाणी नेटच्या डाव्या कोपऱ्यात एकाच जागी पडत होते, आणि आम्ही दोनशे-अडीचशे माणसे ते पडताना पाहत होतो. बस, पुरे, असे कुणीही म्हणाले नाही. मीही नाही. ज्याच्या शब्दाने चावी उघडली होती, त्याने ती बंद करायला सांगायची, हे मला सुचलेही नाही. अखेर ड्रायव्हरच खाली उतरला आणि चावी फिरवत म्हणाला, "वाडीला काय सांगू मग?"

मी लिंबाखाली परतलो तेव्हा शेजारचे गृहस्थ हळूच म्हणाले, "एवढ्यात आमच्या वाडीचं चार दिस निघतेत." तक्रारीचा सूर नव्हता. 

शिपायाने घाईघाईने फक्कीच्या रेषा पुन्हा ओढल्या. अध्यक्ष आले, उशिराबद्दल हात जोडले, भाषण टाळले, नारळ फोडला. टँकरच्या चिठ्ठीवर सही झाली, टँकर गेला आणि लगेच शिटी वाजली.

तीन गेमांपैकी दोन जिंकायचे होते. पाहुणा संघ गेवराईकडचा होता, धिप्पाड मुलींचा. नाणेफेक त्यांनी जिंकली आणि आमच्या मुलींना पलीकडची बाजू आली. धूळ बसली होती, चेंडू स्वच्छ दिसत होता आणि मला आयुष्यात प्रथमच आपण काही केले आहे असे वाटत होते. त्या गेममध्ये ती जशी खेळली तशी मी तिला खिडकीतून कधी पाहिली नव्हती. पाहुण्यांबरोबर आलेली पोरे ओरडत होती, "अय, ऊस न्हाई त्यो, बॉल हाय! कोयता कावून चालवती?" त्यावर आमचा शिपाई फक्कीचे घमेले खाली ठेवून ओरडला, "मुळासकट निघालाव बे तुमी, आता जनावरांना उसाचं वाढं गोळा करा!" ब्लॉकला उठलेल्या दोन मुलींच्या हातांवरून तिचा चेंडू पलीकडे आपटला, तेव्हा निवड समितीतल्या एकाने मान खाली घालून काहीतरी लिहिले.

"किती झालं सर?" वडील प्रत्येक गुणाला विचारीत.

"आपले वीस, त्यांचे सतरा."

"आपलं जास्ती हाय म्हंजी बरंच हाय." मग स्वतःशीच, "एवढी उडती ही. मला ठावंच न्हवतं. घरी तर उंबऱ्याला अडखळती." पहिला गेम आम्ही पंचवीस–एकवीस असा जिंकला. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "आता घेतील ना हिला?"

"घेतील मामा," मी म्हणालो. "आज घेतील."

मग बाजू बदलल्या. आमच्या मुली नेटखालून अलीकडे आल्या, आणि मला तो काळा डाग दिसला.

पहिल्या गेममध्ये पाहुण्यांनी उजव्या कोपऱ्यातूनच मारा केल्याने त्यावर कुणी जोराने पाय रोवला नव्हता. वरून तो सुकल्यासारखा दिसत होता. भोवतालचा मुरूम पाणी पिऊन तांबूस, घट्ट झाला होता. मधली काळी माती मात्र तुकतुकीत होती. मी शेतकऱ्याचा मुलगा आहे. पाऊस उघडला तरी काळ्या रानात लगेच पाय घालायचा नसतो. ओल जिरून ढेकूळ बोटांत मोकळे होईल, तोवर थांबावे लागते. त्याला वाफसा म्हणतात. माझ्या वडिलांनी वाफसा आल्याशिवाय कधी बैल जुंपले नाहीत, आणि लहानपणी आम्ही घाई केली तर ते आम्हाला बांधावरूनच परत फिरवीत. त्या मैदानाभोवती उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाला हे माहीत होते. पण दोन वर्षांत वाफशाची वाट पाहण्याजोगा पाऊस झाला नव्हता, आणि तो शब्द कुणाच्या तोंडी आला नव्हता.

मॅडम मैदानाच्या पलीकडच्या अंगाला होत्या. त्यांच्यापर्यंत जायचे तर सगळ्यांच्या समोरून जावे लागले असते, किंवा ओरडावे लागले असते. मी दोन पावले पुढे गेलो. पंचाने शिटी वाजवली. एकदा शिटी वाजल्यावर मध्ये कसे बोलावे, असे मी मनाला सांगितले. आणि पहिल्या काही गुणांत काहीच झाले नाही तेव्हा आपल्याला उगाच भय वाटले असेही सांगितले. ती तेव्हा मागच्या रांगेत होती. खेळाडू क्रमाने जागा बदलत राहिल्या आणि आमचे तेरा, त्यांचे अकरा असताना ती पुढे डाव्या कोपऱ्यात आली.

चेंडू तिच्यासाठी उंच उठला. ती तीन पावले धावली. डावा पाय रोवला आणि तो रोवला गेलाच नाही. वरचा पापुद्रा फाटून पाय आतल्या मऊ मातीवरून पुढे सरकला आणि घोट्यात वळला. ती उडालीच नाही. चेंडू तिच्या शेजारी पडून दोनदा उसळला. पाहुण्यांच्या पोरांनी आधी टाळ्या वाजवल्या आणि मग बंद केल्या.

ती लगेच उठली. पाय टेकवला, पुन्हा बसली. मॅडमनी बूट काढला तेव्हा घोटा सुजू लागला होता. ओले फडके बांधायला पाणी मागितले, तर माठ तळाला गेलेला होता. शेवटी वस्तीतल्या एका बाईने घागरीतले गढूळ पाणी ओतले. थोड्या वेळापूर्वी तिने ते त्याच मैदानातून भरून नेले होते. वडील जवळ जाऊन उभे राहिले, मुलीच्या पायाला हात लावावा की नाही हे न कळून. ती त्यांना म्हणाली, "दादा, बसा तिकडं. काय झालं न्हाई." आणि खरोखरच ती पुन्हा मैदानात उतरली. पाच-सहा गुण एका पायावर उभी राहिली. सर्व्हिस तिच्याकडे आली तेव्हा चेंडू नेटपर्यंतही पोचला नाही. मग मॅडमनी तिला हात धरून बाहेर आणले.

दुसरा गेम गेला, तिसराही गेला. बक्षीस समारंभात निवडलेल्या मुलींची नावे वाचली. आमच्या संघातल्या दोघी होत्या, ती नव्हती. मॅडम समितीशी बोलायला गेल्या आणि लवकरच परत आल्या. "शिबिर तीन आठवड्यांवर आहे, पाय तोवर बरा होणार नाही म्हणतात," त्या म्हणाल्या. "चूक नाही त्यांची." मला त्या क्षणी सांगता आले असते. मॅडम रडत होत्या, आणि मी त्यांना खुर्ची आणून दिली.

वडिलांनी जाताना मला रामराम केला. "तुमी म्हणलाव म्हून मी बी मनात धरलं व्हतं," ते म्हणाले. एवढेच. टँकर निघून गेलेला असल्यामुळे मुलीला घेऊन ते एस.टी.च्या थांब्याकडे गेले.

पुढे आठ-दहा दिवसांत ती काळी माती दगडासारखी वाळली. तिच्या बुटाच्या तळव्याचा एक हातभर लांब ओरखडा त्यात तसाच राहिला. पाऊस नव्हता, त्यामुळे तो पुसला गेला नाही. मी खिडकीशी बसणे सोडले आणि टेबल आतल्या भिंतीकडे वळवून घेतले.

दिवाळीनंतर टोळ्यांचे ट्रक आमच्या चौकात थांबू लागले. एका दुपारी शिपाई येऊन म्हणाला, "सर, चौकात तुमाला बोलवलंय. पुस्तक द्यायचं म्हणती." ट्रकमध्ये भांडी, गाठोडी, दोन शेळ्या, आणि त्यांच्यामध्ये ती बसली होती. हातभर हिरव्या बांगड्या. शेजारी एक सडपातळ तरुण होता. मला पाहून तो संकोचाने दुसरीकडे बघू लागला. तिने वाकून पुस्तक माझ्या हातात दिले.

"राह्यलं व्हतं सर. उशीर झाला."

"पाय कसा आहे?"

"चालती की. पळायचं कुठं हाय आता?"

ट्रकवाला पाणी प्यायला गेला होता. तेवढाच वेळ होता. मी म्हणालो, "त्या दिवशी दुसऱ्यांदा पाणी मीच मारायला सांगितले होते. मॅडमना विचारले नव्हते."

"ठावं हाय सर," ती म्हणाली. "तुमी टँकरपाशी गेलताव तवा मी बघत व्हते. मी तर बूट काढून त्या पाण्यात उभी व्हते. माझीच जागा हाय, एवढं पाणी नको, बास म्हणावं, असं आलतं तोंडात." तिने घसरणारे गाठोडे मांडीजवळ ओढले. "पर पाय लई गार झालते. म्हणवंना."

टोळीच्या मुकादमाने हाक मारली. ट्रक सुरू झाला. तिने वरून विचारले, "ती जागा भरली का सर?"

"नाही अजून."

"भरा. दुसरी कुणीतरी उडंल तिथं."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, कॉलेज सुटायच्या वेळी, मी शिपायाकडून घमेले आणि धुम्मस मागून घेतली. आधी कुदळीने तो ओरखडा उकरला, मग तीन घमेली मुरूम टाकला आणि धुमसू लागलो. मुले-मुली व्हरांड्यात थांबून बघत होती. शिपाई जवळ आला.

"पाणी मारल्याबिगर बसत न्हाई सर मुरूम."

"माहीत आहे."

"आणू का बादलीभर?"

"नको," मी म्हणालो आणि कोरड्या मुरमावर धुम्मस मारीत राहिलो. प्रत्येक घावाला थोडी माती उडे आणि वाऱ्याबरोबर नेटकडे जाई. त्या वर्षी तो मुरूम शेवटपर्यंत बसला नाही.